आण्णांचं गोड मी बंद केलं होतं

सांगलीची एसटी कराडच्या स्टँडवरून हलली तेव्हा आण्णा खिडकीखाली उभे होते. माझी गादीची वळकटी त्यांनीच वर चढवली होती, बॅग सीटखाली सरकवली होती आणि पोरगी पहिल्यांदाच एकटी चाललीय हे कंडक्टरला दोनदा सांगून झालं होतं. आई आली नव्हती. म्हैस व्यायला झालीय असं तिनं कारण दिलं होतं, पण तिला स्टँडवर चारचौघांत रडायचं नव्हतं हे आम्हा दोघांनाही कळत होतं. गाडी सुरू झाल्यावर आण्णांनी शर्टाच्या खिशातून काहीतरी काढलं आणि खिडकीतून माझ्या हातात कोंबलं. मला वाटलं, खर्चाला नोट असेल. गोळ्यांचं रिकामं पाकीट होतं, चुरगळलेलं.

"ह्येच्यावर काय लिवलंय ते बगून सांग मला," गाडीबरोबर चालत ते म्हणाले. "सावकाश सांग. घाई न्हाई."

मी बी. फार्मसीला चालले होते. आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नाही. गावात फार्मसी म्हणजे मेडिकलचं दुकान, आणि मेडिकल म्हणजे जवळजवळ डॉक्टरच. त्यामुळं कॉलेजचं तोंडही पाहण्याआधी मी आण्णांच्या लेखी औषधातलं कळणारी झाले होते. मला त्याचं बरं वाटलं होतं, हेही सांगायला हवं. सांगली येईपर्यंत ते पाकीट मी पर्समध्ये नीट सरळ करून ठेवलं.

आण्णा गुळव्या आहेत. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. उसाचा रस मोठ्या पसरट काहिलीत उकळत ठेवतात, आणि त्याचा गूळ होण्याची नेमकी वेळ ज्याला कळते तो गुळव्या. थोडं आधी उतरवलं तर गूळ चिकट राहतो, ढेप धरत नाही. थोडा उशीर झाला तर करपट चव येते. आण्णा उकळता पाक पळीनं पाण्यात सोडतात, बोटांनी त्याचा गोळा वळतात आणि तो दाताखाली धरतात. मग म्हणतात, "घ्या उतरून." तोपर्यंत आठ माणसं नुसती उभी असतात. एका काहिलीच्या मालाला आमच्याकडं आधण म्हणतात. दिवसाकाठी चार-पाच आधणं निघतात आणि प्रत्येक आधणाला आण्णांच्या तोंडात गोड जातं. वर दिवसभर रस, गरम गूळ, गुळाचा चहा. गुऱ्हाळाची रीतच आहे ती. वाटेनं जाणारा अनोळखी माणूस आला तरी त्याला रस पाजल्याशिवाय, हातावर गरम गूळ ठेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत. मागितलं आणि मिळालं नाही असं तिथं होत नाही.

त्या उन्हाळ्यात उसाच्या बुडख्यावर पाय पडून त्यांना जखम झाली ती दोन महिने भरेना. कराडच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर. आण्णांनी घरी येऊन आईला सांगितलं ते चुकीची कबुली दिल्यासारखं. आणि दुसऱ्याच वाक्याला विचारलं, "मंग काहिलीवर बसायचं का न्हाई?"

डॉक्टरांनी त्याचं उत्तर दिलं नव्हतं, कारण आण्णांनी ते त्यांना विचारलंच नव्हतं. ते आता मी द्यायचं होतं.

सांगलीत मी आले तेव्हा पहिले काही दिवस मला फक्त वास कळत होता. मार्केट यार्डाच्या बाजूनं वारा आला की हळदीचा वास येतो, सुका, घशात बसणारा. आमच्याकडं हवेला गोडसर धूर असतो, तोही हंगामातच. हॉस्टेलमध्ये माझ्या खोलीत रेणुका होती, जतकडची. तिच्या घरी मेंढरं होती, आता थोडी डाळिंबंही आहेत. ती पहिल्या वर्षाला असूनही सगळ्यांशी मोठ्यानं बोलायची. मी लायब्ररीच्या खिडकीपाशी जाऊन परत यायचे, कारण पुस्तक मागायचं कोणत्या भाषेत ते ठरत नव्हतं. एकदा खोलीतला पंखा खडखडला तेव्हा मी पटकन उठून दाराच्या चौकटीत जाऊन उभी राहिले. आमचं गाव कोयनेच्या काठावर आहे; तिकडं हादरा आला की मांडणीवरची भांडी वाजतात आणि आम्ही न बोलता बाहेर जातो. रेणुका पोट धरून हसली. "यव्वा, पंखा हाय त्यो! भूकंप न्हवं!" मीही हसले, पण पाय बराच वेळ चौकटीतच राहिले. आता विचार करते तर पहिलं वर्षभर मी तशीच होते, एक पाय आत, एक पाय बाहेर, कशाचा तरी आवाज येतोय का ते ऐकत.

पाकिटावरचं मी शोधून काढलं. एका गोळीत दोन औषधं होती. पहिल्या वर्षाला आम्हाला औषधांचं फारसं नसतं, शरीराची रचना आणि रसायनशास्त्र असतं. म्हणून मी लायब्ररीतून मोठ्या मुलांचं पुस्तक काढलं आणि डिक्शनरी घेऊन बसले. साखर वाढली की डोळे जातात, मूत्रपिंड जातं, पायाची जखम चिघळते, बोटं कापावी लागतात. एवढं वाचलं आणि पुस्तक मिटलं. पुढची पानं होती. पण भीती जिथं वाटली तिथंच माझं वाचन थांबलं. मला वाटलं, कळलं. मी फोन करून सांगितलं, "आण्णा, साखर उतरवायची गोळी आहे. गोड खायचं नाही."

"अजिबात न्हाई?"

"अजिबात नाही."

ते "बरं" म्हणाले.

दिवाळीला घरी गेले तेव्हा हंगाम नुकताच सुरू झाला होता. गुऱ्हाळावर गेले तर आण्णा रसाचा तांब्या तोंडाला लावून उभे. मला बघून त्यांनी तांब्या खाली केला, लपवता येईना म्हणून तसाच धरून राहिले. महिन्यापूर्वीच्या तपासणीत साखर चढलेली निघाली म्हणून डॉक्टरांनी गोळीही वाढवली होती. मी तिथंच सगळ्यांसमोर रडले. मग रागाच्या भरात एका खोक्याचा पुठ्ठा कापला आणि त्यावर स्केचपेननं मोठ्या अक्षरात लिहिलं: "आण्णांना गोड देऊ नये. रस, काकवी, गूळ, काहीही नाही. मागितलं तरी नाही." काकवी म्हणजे रस आटून गूळ व्हायच्या आधीचा पातळ पाक, आण्णांची सगळ्यात आवडीची. पुठ्ठा मी चुलवाणाजवळच्या खांबाला तारेनं बांधला.

म्हादूमामा चुलवाणात चिपाडं सारतात, म्हणजे काहिलीखालचा जाळ त्यांच्याकडं. आण्णांबरोबर त्यांची वीस वर्षं गेलीत. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि आण्णांकडं बघून म्हणाले, "आता काय, आण्णा? कोर्टाचा निकाल लागला."

"पाळायचा मंग," आण्णा म्हणाले. "शिकल्याली हाय पोरगी."

आणि त्यांनी तो पाळला. गोळा दाताखाली धरायचे, थुंकून टाकायचे, चूळ भरायचे. चहा बिनसाखरेचा. आई फोनवर हसून सांगायची की आण्णा देवळातल्या शिऱ्यालाही हात जोडून माघारी येतात. मला इतकं समाधान वाटायचं! कॉलेजात मी अजून शेवटच्या बाकावर होते, व्हायव्हाला माझा आवाज फुटत नव्हता. पण तिकडं गावात एका खांबावर माझं अक्षर होतं आणि त्याप्रमाणे माणसं वागत होती.

थंडी चांगली पडल्यावर, एका सकाळी दहा वाजता, प्रॅक्टिकल चालू असताना म्हादूमामांचा फोन आला. ते कधी फोन करत नाहीत. मी ॲप्रनसकट बाहेर पॅसेजमध्ये आले.

"मनीषा, म्या म्हादूमामा. आण्णा कसंतरीच कराय लागल्यात गं. घामानं भिजल्यात नुसतं, हात कापाय लागल्यात. माज्यावर उगंच वराडत्यात. वाटीभर काकवी दे म्हंत्यात. देऊ का? तू लिवून ठिवलंयस म्हनून इचारलं."

"नको मामा! अजिबात देऊ नका," मी म्हणाले. मला एक क्षणसुद्धा लागला नाही. "लिंबू पिळा, मीठ घाला आणि पाणी द्या. सावलीला बसवा."

"बरं. तू म्हंतीस तसं."

मी परत आत जाऊन ब्युरेटचं रीडिंग घेतलं.

पुढचं मला नंतर तुकड्यातुकड्यांत कळलं. आण्णांनी मिठाचं पाणी प्यायलं. थोडा वेळ बसले. मग आधण तयार झालंय असं वाटून उठले, कारण ते दुसरं कुणाला कळत नाही, आणि दोन पावलांवर त्यांचा तोल गेला. पालथे काहिलीतच जायचे. म्हादूमामांनी सदरा धरून मागं ओढलं, तरी उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत काहिलीच्या काठावर टेकला. जीपमध्ये घालून कराडला नेलं तेव्हा ते हाकेला ओ देत नव्हते. दवाखान्यात सलाईनमधून साखर चढवली. अर्ध्या तासात डोळे उघडून त्यांनी विचारलं, "आधण उतरलं का?"

संध्याकाळी आईचा फोन आला. ती घाबरलेली होती आणि चिडलेलीही. "शुगरनं पडलं तुजं आण्णा, येवढंच सांगितलं डॉक्टरनं. हात भाजून घ्येतलाय. चोरून खाल्लं असंल बग! गुऱ्हाळावर बसून कोन गप ऱ्हाईल? इचारलं तर म्हंत्यात न्हाई खाल्लं. माज्या गळ्याची शपत घेत्यात. आता सगळं गाव म्हंतंय, गुळव्या गुळानंच पडला म्हनून."

मी विचारलं, "मला कुणी फोन केला होता का?" का विचारलं ते माझं मलाच माहीत आहे.

"म्हादूनं केल्ता म्हनं. लागला न्हाई म्हनाला."

मी तिला तसंच समजू दिलं.

रात्री आईनं व्हॉट्सॲपवर दवाखान्याच्या कागदाचा फोटो पाठवला. साखरेपुढं आकडा होता अठ्ठेचाळीस. मी तो तीनदा मोठा करून बघितला. मला वाटलं, पुढचा एक अंक पुसला गेलाय.

दुसऱ्या दिवशी मी तो फोटो घेऊन आमच्या मॅडमकडं गेले. मोठ्या वर्गांना औषधशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम. त्यांच्याशी मी तोवर एकदाही बोलले नव्हते. त्यांनी फोटो बघितला आणि आधी विचारलं, "गोळी किती वाजता घेतात?"

"सहाला. कामावर जायच्या आधी."

"आणि पहिलं जेवण?"

"अकराला. घरून भाकरी जाते."

"मधे काय खातात?"

"काही नाही, मॅडम. मी बंद केलंय."

"तू बंद करायच्या आधी काय खायचे?"

"रस. गूळ."

"मग त्याच्यावरच ते अकरापर्यंत उभे राहत होते," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी मला पुस्तकातलं पुढचं पान काढून दिलं. मी मिटलं होतं त्याच्या पुढचंच. त्या गोळीतलं एक औषध पोटात अन्न असो वा नसो, साखर खाली आणत राहतं. म्हणून ती जेवणाबरोबर घ्यायची, आणि घेतली की जेवण चुकवायचं नाही. साखर फार खाली गेली की घाम येतो, हात थरथरतात, माणूस चिडतो, काहीबाही बोलतो, गोड मागतो. अशा वेळी तीन-चार चमचे साखर पाण्यात कालवून ताबडतोब द्यायची. काकवी चालली असती. एक वाटीसुद्धा लागली नसती. आण्णांच्या शरीराला नेमकं जे हवं होतं तेच त्यांनी तोंडानं मागितलं होतं, गुळाच्या ढिगाशेजारी बसून, आणि मी सांगलीतून नको म्हटलं होतं.

तुम्ही म्हणाल, लगेच फोन करून सांगायचं. नाही सांगितलं. दोन दिवस मी खोलीत येरझाऱ्या घालत होते. गोळीची वेळ आणि जेवणाचं तेवढं आईला सांगितलं, डॉक्टरांना परत भेटा म्हटलं, पण का ते सांगितलं नाही. फोन उचलायचे, ठेवायचे. फोन लागला नाही हे म्हादूमामांनी माझ्यासाठी रचलं होतं, आणि मला ते आवडलं होतं. मला त्याचीच जास्त लाज वाटत होती. खरं सांगितलं तर आण्णांवरचा आळ जाईल, पण मग मला परत कुणी काही विचारेल का? मी कशाला शिकतेय मग? असले विचार. तिकडं आण्णांनी वेगळंच ठरवलं होतं. आई म्हणाली, "ह्या गोळ्याच न्हाई खायाच्या म्हंत्यात. आन् काहिलीवर दुसरा गुळव्या बगा म्हनून सांगून आल्यात. चोर म्हनून बसायचं न्हाई म्हंत्यात तितं."

रेणुका पलंगावर बसून माझ्याकडं बघत होती. तिला मी सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "मेंढरू चुकल्यावर आमचा बा असाच फिरतोय, गोल गोल. आई मग म्हनती, फिरतोस कशाला रं, हुडकाय जा की." आणि माझी बॅग ओढून पलंगावर ठेवली. "जा की गं मग घरला."

सांगलीहून निघालेली गाडी पेठ नाक्यावर बराच वेळ थांबली. पहिल्यांदा त्या रस्त्यानं आले होते तेव्हा दोन्ही बाजूंचा ऊस मला आपलाच वाटत होता. या वेळी मी बाहेर बघितलंच नाही. मनात वाक्यं जुळवत होते, शुद्ध, व्यवस्थित वाक्यं. गावाच्या फाट्यावर उतरेपर्यंत त्यातलं एकही उरलं नाही.

आण्णा घरी नव्हते. नवा गुळव्या अजून मिळाला नव्हता म्हणून चालू आधण संपवायला त्यांनाच बोलावलं होतं. मी बॅग आईकडं टाकली आणि तिलाही बरोबर चल म्हटलं. गुऱ्हाळावर दुपारची भाकरी नुकतीच झाली होती. सातआठ माणसं चिपाडाच्या ढिगावर टेकली होती. आण्णा जरा लांब, पोत्यावर, उजव्या हाताला पट्टी. डाव्या हातानं पळी धरायची सवय करत होते.

"आवं आण्णा, इनिस्पेक्टर आला तुमचा," कुणीतरी म्हणालं. "लपवा तांब्या!"

लोक हसले. आण्णा हसले नाहीत.

मी म्हणाले, "आण्णांनी खाल्लं नव्हतं. खाल्लं असतं तर पडले नसते."

हसू थांबलं. मी पुढं बोलत राहिले, कारण थांबले असते तर संपलं असतं. साखर वाढली नव्हती, कमी झाली होती. उपाशीपोटी गोळी होती आणि वरचं गोड मी बंद केलं होतं. त्यांनी काकवी मागितली होती आणि तेवढ्यानं ते सावरले असते.

"तुला फोन कुटं लागला हुता?" म्हादूमामा मधेच म्हणाले. "काय बोलतीस? लागलाच न्हाई."

"लागला होता मामा. तुम्ही देऊ का म्हणून विचारलंत. मीच नको म्हणाले."

म्हादूमामा खाली बघून चिपाडं नीट करायला लागले, जी नीटच होती. मग म्हणाले, "गुऱ्हाळावर मागनाऱ्याला न्हाई म्हनायची माजी पयलीच येळ ती. हात उचलत नव्हता माजा."

आई आण्णांकडं बघत होती. ती पोत्यापाशी गेली आणि त्यांच्या पट्टीची सुटलेली गाठ परत बांधली, गरजेपेक्षा जरा हळू.

आण्णांनी पळी खाली ठेवली. मला वाटत होतं की आता ते रागावतील, आणि रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मंग आता खायाचं किती आन् कवा, ते नीट सांग."

"मला नीट माहीत नाही," मी म्हणाले. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना म्हणाले असेन. "आपण डॉक्टरांना विचारू. मी बरोबर येते."

"कालेजात जाऊन आण्णास्नी पाडाय शिकली व्हय गं?" मघाचाच आवाज आला.

"गप रं," आण्णा म्हणाले. "आली न्हवं का सांगाय."

डॉक्टरांना आम्ही पहिल्यांदा सगळं सांगितलं: पहाटेची वेळ, अकराची भाकरी, आधणाची चव. त्यांनी गोळी कमी केली आणि कामावर जाण्याआधी पोटभर खाऊन मगच घ्यायची असं ठरवलं. गोड पूर्ण बंद करायची गरज नाही म्हणाले, पण गूळ म्हणजे साखरेपेक्षा वेगळं काही नाही, हेही बजावलं. उपाशीपोटी नाही, रसाचा तांब्या नाही; सणाला जेवणाबरोबर थोडं, आणि त्या दिवशी भात-भाकरी तेवढी कमी. आधणाचा कण जिभेवर ठेवला तर चालेल, चूळ भरायची सवय चांगली आहे. मी सगळं वहीत लिहून घेतलं आणि परत वाचून दाखवलं. गुऱ्हाळावर मी ते तोंडानं सांगितलं, प्रत्येकाला, म्हादूमामांना दोनदा. हात कापायला लागले की आधी गोड द्यायचं, मग मला फोन करायचा. पंधरा मिनिटं बसवायचं, उतार पडला नाही तर परत तेवढंच, मग भाकरी. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना.

आण्णा पुन्हा काहिलीवर बसतात. हात भरला, पण मनगटाजवळची कातडी ओढलेली आहे. गोळा वळताना बोटं थोडी उशिरा मिटतात. त्यांनी ते मला सांगितलेलं नाही, मी बघितलं.

मी आता दुसऱ्या वर्षाला आहे. सांगली अंगवळणी पडलीय. लायब्ररीत पुस्तक मागताना अडखळत नाही. तुमच्यापैकी जे गावातच राहिले त्यांना वाटत असेल की आम्ही गेलो म्हणजे सुटलो, आणि जे माझ्यासारखे गेले त्यांना माहीत असेल की तसं काही होत नाही. हंगामात सकाळी दहाच्या सुमाराला मी वर्गात असते आणि माझं लक्ष नसतं. फोन वाजला तर दचकते, वाजला नाही तर आवाज बंद नाही ना ते बघते. इथं माझं उत्तर चुकलं तर मॅडम लाल पेननं रेघ मारतात आणि पुढं जातात. माझ्या बोलण्यानं सांगलीत कुणाचं काही हलत नाही. कधी कधी त्याचं मला बरं वाटतं आणि मी उगाच मोठ्यानं बोलते.

परवा म्हादूमामांच्या घरून मामींचा फोन आला. त्यांनाही साखर निघालीय, गोळ्या सुरू झाल्यात. मुलगी माहेरपणाला आलीय.

"पुरनाची पोळी करायलीया गं," मामी म्हणाल्या. "एक खाल्ली तर चालंल का?"

तोंडावर "हो" आलं होतं. "नाही" पण आलं होतं. दोन्ही गिळून मी विचारलं की गोळी कोणती, किती वाजता घेता, आज जेवण किती वाजता, डॉक्टर काय म्हणाले होते. मामींनी जमेल तसं सांगितलं. एका गोळीबद्दल मला खात्री नव्हती.

"मामी, मी मॅडमना विचारून सांगते. दहा मिनिटं द्या."

"इचार की. पर येळंत सांग. पुरन शिजलंय, वाटायचं ऱ्हायलंय."

"तोवर थांबाल का?"

"थांबते की. तू सांगितल्याबगार काय न्हाई खात."

मी चपला घातल्या आणि स्टाफरूमकडं निघाले. मॅडम घरी जायच्या आत गाठायचं होतं. जिना उतरताना माझ्या डोळ्यांसमोर सारखी ती चूल येत होती. घर म्हटलं की आता मला हेच दिसतं: तिकडं कुणीतरी पातेलं खाली उतरवून, हात पुसून, माझ्या उत्तरासाठी फोनजवळ बसलेलं असतं, आणि मी इथं भरभर चालत असते.